चुंबक घेऊन गाडी पाहायला

जुन्या स्पीकरमधला चुंबक
रुमालात गुंडाळून मी पर्समध्ये ठेवला.
अस्लममिस्त्रीनं शिकवलं होतं :
ताई, चिकटला तर पत्रा, घसरला तर लांबी भरलेली.
हातात पावणेचार लाख.
त्यात माझी भिशी, हिरामणनं पीएफमधून उचललेले,
आणि बसणारी माणसं सात.

धुळ्याच्या यार्डात स्कॉर्पिओला
झेंडूचा हार, दोन दिवसांपूर्वीचा.
मीटर म्हणे बासष्ट हजार.
मी वाकून क्लचचं रबर पाहिलं :
गुळगुळीत, जात्याच्या खुंट्यासारखं.
मागच्या दारावर चुंबक ठेवला,
सुर्रकन खाली माझ्या चपलेवर.
विकणारा हसला, मॅडम, शाळेत विज्ञान शिकवता का?
म्हटलं, नाही, अंगणवाडीत आहे. पोरांची वजनं घेते.
खोटं वजन मला वहीवरूनच कळतं.

जळगावची झायलो दिसायला देखणी.
कार्पेटखाली बोट घातलं
तर नखात गाळ आला, कुठल्या तरी पुराचा.
हिरामणला तिचा रंग फार आवडला होता.
धरणगावात शेवभाजी खाताना, नाक पुसत, तो म्हणाला,
मोटारसायकलवर आपलं काय वाईट चाललं होतं?
मी म्हटलं, सात जणांचं?
तो पुन्हा शेव चुरायला लागला.

मग चोपड्याच्या अलीकडे, केळीच्या बागेत,
पत्र्याच्या शेडखाली
ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी बाजूला सारून
चिंधू आप्पांनी बोलेरो दाखवली.
काबरं इकी ऱ्हायनात, आप्पा?
पोरगा पुन्याले शे. मन्हा एक डोळा गया.
एवढंच. पुढे काही नाही.

मागच्या सीटवर केळीच्या चिकाचे डाग,
काळपट, कुठल्याच साबणाला न बधलेले.
हिरामण कानात : याचे दहा हजार कमी कर.
मला तर ते डाग बघून बरं वाटलं.
ज्यानं हे झाकलं नाही
त्यानं ऑइल वेळेवर बदललं असेल,
असं काहीतरी गणित मी मांडलं.
चुकलंही असेल.
चुंबक बॉनेटला चिकटला, चारही दारांना चिकटला,
डाव्या मडगार्डवर घसरला.
मी तोंड उघडायच्या आत आप्पाच म्हणाले,
तठे बैल धडकना व्हता.

राहिला प्रश्न जिजींच्या गुडघ्याचा.
गाडी उंच, म्हणजे खड्ड्यांना चांगली,
पण सासूबाईंना ती माडीसारखी.
त्यांनी एक पाय वर टाकला, खाली घेतला,
आमच्याकडे न बघता पदर सारखा केला.
आप्पा शेडमागे गेले,
केळीचं निळं प्लास्टिकचं क्रेट आणून
दाराशी उपडं घातलं.
जिजी चढल्या. खिडकीशी बसल्या.
काच खाली केली, वर केली, परत खाली केली,
आणि उतरायचं नावच काढीनात.

आता भाव कसा करायचा सांगा.
आप्पांनी सगळं पाहिलं होतं,
एका डोळ्यानं का होईना.

चार दहावरून तीन ऐंशीला तुटलं, क्रेटसकट.
वरचे पाच हजार कुठून आणले
ते हिरामणला अजून सांगितलेलं नाही.
मागचे दोन टायर दिवाळीपर्यंत चालतील,
विमा संपतोय, आरटीओला दोन खेपा तरी होतील.

ताबा घ्यायला गेलो तेव्हा सवयीनं
चुंबक एकदा टपाला लावला
आणि सह्यांच्या गडबडीत तिथंच विसरले.
तापीचा पूल, गावोगावचे गतिरोधक,
मागे उसळणारं रिकामं क्रेट,
हिरामणची पहिल्या गिअरची भीती,
सगळं पार करून अमळनेरला दारात उतरलो
तर टपावर तो तसाच.
धाकटा चाकावर चढून ओढायला लागला,
दोन्ही हातांनी, दात दाबून.
निघेना.
म्हटलं, राहू दे रे आजची रात्र.